पाच नंबरचा फर्मा

लेखक जातो आणि पुस्तक राहतं. देह नाशिवंत, अक्षर चिरंजीव. हे वाक्य धोंडिराम कासेगावकरांनी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या शाळांच्या बक्षीससमारंभांत इतक्यांदा उच्चारलं होतं, की पुढच्या रांगेतली चलाख मुलं ते त्यांच्याबरोबर म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. लेखक राहिला. सांगलीत गावभागातल्या दोन खोल्यांत, सकाळी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, पेन्शनीत आणि पथ्यात तो चांगला टुकटुकीत राहिला. गेली ती पुस्तकं. 'सोनबा पळाला', 'शहाणी घूस', 'वाघ्याची वकिली' ही गोष्टीची पुस्तकं गेली. 'आपले दात आणि आपण', 'मधमाशी: आपली शेजारीण', 'शेणखताचे महत्त्व' ही माहितीची पुस्तकं त्यांच्याही आधी गेली. साताऱ्याचा प्रकाशक गेला, त्याचा छापखाना गेला, उरलेले गठ्ठे रद्दीत गेले, आणि घरात जी एकेक प्रत होती ती 'उद्या आणून देतो' म्हणणाऱ्या सज्जनांबरोबर गेली. कुणी विचारलं की कासेगावकर मान किंचित तिरकी करून सांगत, "सध्या अनुपलब्ध आहेत." या शब्दाचा त्यांना मोठा आधार वाटे. अनुपलब्ध म्हणजे लोक शोधताहेत आणि मिळत नाहीत, असा त्याचा ध्वनी होता. कुणी शोधत नव्हतं, हा भाग त्या शब्दात कुठंच येत नव्हता.

तर हे सगळं त्यांनी पचवलं होतं, आणि न पचलेलं जे काही होतं ते डोळ्यांवर उतरलं असावं. पंचाहत्तर सालचा पावसाळा सरता सरता त्यांना पेपरातल्या ओळी दुहेरी दिसू लागल्या. त्या वर्षी पेपरात एकेरी वाचण्यासारखंही फारसं नसे, तरी बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, आग्रहाखातर ते मिरजेच्या दवाखान्यात डोळे दाखवायला गेले. तिथं सिस्टरनं त्यांना बाकावर बसवलं, मान मागं करायला लावली, डोळ्यांत थंडगार थेंब सोडले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बाहुली मोठी होईपर्यंत उघडायचे नाहीत. मिटल्या डोळ्यांआड जग एकदम जवळ आलं. फिनेलचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास, स्ट्रेचरच्या चाकाची कुरकुर. शेजारी एक म्हातारी आपल्या मोतीबिंदूबद्दल पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. आणि मग सिस्टरचा आवाज, केसपेपर वाचता वाचता मध्येच अडखळलेला.

"धोंडिराम कासेगावकर म्हंजे 'सोनबा पळाला'वाले व्हय?"

कासेगावकरांनी डोळे उघडले. "मिटा, मिटा," ती म्हणाली, आणि त्यांनी ते आज्ञाधारक मुलासारखे मिटले. पण तेवढ्यात पांढऱ्या धुक्यात एक सावळा गोल चेहरा आणि त्यावरची पांढरी टोपी दिसून गेली होती. तिचं नाव अंजना. वडूजच्या अलीकडच्या एका गावची. चौथीत असताना शाळेच्या पेटीतून ते पुस्तक तिला मिळालं, आणि पेटी फिरत फिरत दुसऱ्या शाळेला गेली तेव्हा पुस्तक काही गेलं नाही, असं तिनं चोरी हा शब्द न वापरता सांगितलं. ते अजून तिच्या ट्रंकेत होतं. सगळं पाठ होतं, पण शेवटाला तोड नाही, असं ती म्हणाली. कासेगावकर मिटल्या डोळ्यांनी तो शब्द चघळत राहिले. तोड नाही. तीस-एक वर्षांच्या लेखनात असलं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. फार तर, 'मुलांना आवडेल' असं म्हटलं होतं, तेही मूल नसलेल्या लोकांनी. आणि मग ती, दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांत थेंब टाकता टाकता, शेवट म्हणून दाखवू लागली. सोनबा घरातून पळून डोंगरात मध काढणाऱ्यांकडे राहतो, पश्चात्तापानं माघारी येतो, संध्याकाळी दाराशी उभा राहतो. "सोनबाने भीत भीत कडी वाजवली. आतून आई म्हणाली, प्रथम हातपाय स्वच्छ धुवावेत. घामाच्या वासाने चीड उत्पन्न होते. घाई करू नये. झाकण अलगद उघडावे आणि आतला आवाज ऐकावा. आवाज चढा असेल तर थोडे थांबावे. चिडलेले घर संध्याकाळपर्यंत आपोआप शांत होते."

शेजारची म्हातारी म्हणाली, खरं हाय बाई.

कासेगावकर बाकावर ताठ झाले. वाक्यं त्यांचीच होती. एकेक वाक्य त्यांनीच, कोरेगावच्या शाळेत मास्तर असताना, गॅसबत्तीच्या उजेडात जुन्या टेबलावर बसून लिहिलं होतं. पण ती सोनबाच्या आईची नव्हती. ती 'मधमाशी: आपली शेजारीण' या माहितीच्या पुस्तकातली होती, उडालेल्या माश्या पेटीत परत कशा घ्याव्यात या प्रकरणातली. ही पोरगी काहीतरी भलतंच जोडते आहे असं आधी त्यांना वाटलं. पण तिनं इतकी वर्षं छापलेलंच वाचलं होतं. पुढं सोनबा आणि त्याची आई अंगणात पेट्या ठेवतात, राणीमाशीची देखभाल करतात, असं सगळं तिच्या पुस्तकात होतं, आणि मधवाल्यांकडं राहून आलेला पोरगा दुसरं काय करणार. "आई जरा पुस्तकी बोलती," ती म्हणाली, "पण पुस्तकातलीच हाय, पुस्तकीच बोलणार. न रडती, न विचारती, कुठं होतास, का गेलास. पाय धू म्हणती. झाकण म्हंजे भाकरीच्या बुट्टीचं. आन् आतला आवाज म्हंजे बापाचा. बराबर का न्हाई?"

डोळ्यांत औषध असलं की माणसाला गप्प बसायची मोठी सवलत मिळते.

मग तिनं आवाज खाली आणला. गावाकडं तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, दिवाळी झाल्यावर, विहारापुढच्या पटांगणात. आईनं निरोप धाडला होता, ये म्हणून. आबांनी, वडिलांनी, धाडला नव्हता. आबा मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून ती पहाटेच्या गाडीनं मिरजेला नर्सिंगला आली, त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं आणि तिनं त्या दारात पाय ठेवला नव्हता. आईचं काय, आई पाय धू म्हणेल. ते पुस्तकात आहे आणि तशी ती आहेही. "पण गुरुजी, तुमी बापाचं कायच लिहिलं न्हाई. आत बसलाय एवढंच कळतंय. तेनं काय केलं वो? सोनबाला बघून काय म्हणाला? हसू नका. तेवढं कळलं तर जावं का न जावं, मला ठरवाय येईल."

कासेगावकर हसले नाहीत. पुढच्या खेपेला सांगतो, असं म्हणाले, आणि एस.टी. स्टँडकडं चालू लागले. मोठ्या झालेल्या बाहुल्यांत दुपारचं सगळं ऊन एकदम शिरत होतं. तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांबाहेर वाळत ठेवलेले भोपळे त्यांना माणसांच्या डोक्यांसारखे दिसले, एका रांगेत, वाट पाहत बसलेल्या. बापानं काय केलं. त्यांनीच लिहिलं होतं आणि त्यांना आठवत नव्हतं. पहिलं प्रकरण धडाधड आठवत होतं: सोनबा पाटाचं दार उघडं टाकून झोपतो, रात्रभर पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात जातं, सकाळी बापाची थप्पड. डोंगर आठवत होता, मधवाल्यांच्या मशालीचा धूर आठवत होता, कडी वाजते तेही आठवत होतं. त्यापुढं धुकं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं नव्हतं. प्रुफं वाचली होती, मग छापलेलं कशाला. छापलेलं पुस्तक त्यांनी फक्त हुंगलं होतं आणि वाटून टाकलं होतं. आता बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्यांनी कडी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. दार काही उघडेना. एक पोरगी आपल्या दाराशी उभी आहे आणि आपण किल्ली हरवून बसलो आहोत, अशी काहीशी अवघड भावना त्यांना झाली. आणि ती बरीही वाटली, कारण बऱ्याच वर्षांत त्यांच्या दाराशी कुणी उभं राहिलं नव्हतं.

घरी विजयमालाबाई लसूण सोलत होत्या. त्यांना सगळं सांगून कासेगावकरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला आठवतो का शेवट. त्या काळी लिहिलेलं प्रत्येक पान त्यांनी बायकोला वाचून दाखवलं होतं; सोय म्हणून नव्हे, दुसरं कुणी बसत नसे म्हणून. विजयमालाबाईंनी पाकळी नखानं सोलली, फुंकर घातली.

"बाप भाषण करतो," त्या म्हणाल्या.

"असं काही नाही."

"तुमच्या सगळ्या पुस्तकांत शेवटी बाप भाषण करतो. 'शहाणी घूस'मध्ये घुशीचा बाप करतो. भाषण सुरू झालं की मी वरणाला फोडणी देऊन यायची. परत येईस्तोवर त्याचं संपत आलेलं असायचं."

ही माहिती कासेगावकरांना या वयात नवी होती. त्यांना रात्री बराच वेळ बापांची रांग दिसत राहिली, माणसांचे, घुशींचे, एक वाघ्या नावाच्या कुत्र्याचा. सगळे घसा साफ करत होते. पण सोनबाचा बाप त्यांत नसावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. वडूजच्या वाटेवर उभ्या असलेल्या मुलीला भाषण नेऊन द्यायचं म्हणजे काय. आणि नसेल भाषण, तर काय होतं? ते शोधायला दोन दिवसांनी ते साताऱ्याला गेले. बायकोला सांगितलं, प्रकाशकाच्या मुलाला भेटून येतो. प्रकाशकाला मुलगा नव्हता हे तिला ठाऊक होतं. तिनं डबा दिला.

छापखान्याच्या जागी गोड्या तेलाचं दुकान झालं होतं. तेलवाल्यानं त्यांना राजवाड्यामागच्या एका बोळात पाठवलं, जिथं छापखान्याचा जुना बाइंडर केरबा अजून राहत होता. कासेगावकरांना केरबा आठवत होता: खळीचा वास, कानावर अडकवलेली विडी, आणि वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक लेखकाशी सारख्याच आदरानं वागणारा. तो आता दात नसल्यामुळे आणखी आदबशीर दिसत होता. कासेगावकरांनी सोनबाचं आणि मधमाशीचं गाऱ्हाणं मांडलं. केरबानं डोळे बारीक करून ऐकलं, मग सांगितलं ते असं, की तेव्हा फर्म्यांच्या घड्या छापखान्यात घालत नसत. सोळा सोळा पानांचे मोठे छापील कागद गठ्ठ्यानं बोळातल्या घराघरांत जायचे. बायका दुपारी जेवणं झाली की घड्या घालून ठेवायच्या, संध्याकाळी केरबा गोळा करायचा आणि कागदाखालचा आकडा बघून एकावर एक लावायचा. आकड्याबरोबर पुस्तकाचं नाव पण टाकायचं असतं, ते मालकानं टाकलं नाही. एकाच माणसाची दोन पुस्तकं, एकाच आकाराची, एकाच महिन्यात, कोण घोटाळा करतंय. "मी चाराच्या मागं पाच लावला," केरबा म्हणाला. "आता त्या पाचात माशी हाय का आई हाय, मला वो काय ठावं?"

"अहो, पण अर्धी आवृत्ती अशी गेली असेल."

"आसंल. कुणी तक्रार केली?"

कासेगावकरांनी आठवून पाहिलं. नव्हती केली. 'सोनबा पळाला'बद्दल कुणी नाही, आणि 'मधमाशी'बद्दल तर एका सरकारी कचेरीकडून माहिती अत्यंत उपयुक्त असल्याचं पत्रही आलं होतं.

"मंग?" केरबानं विचारलं, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

चहा आणताना रंगूबाईंनीच ते काढलं. मास्तरांचं एक पुस्तक घरात आहे, त्या म्हणाल्या, आणि कोनाड्याकडं बोट केलं. कोनाड्याचा तळ उतरता होता, त्यावर रेडिओ होता, आणि रेडिओ एका अंगाला झुकू नये म्हणून त्याच्या डाव्या बाजूखाली 'मधमाशी: आपली शेजारीण' होतं. कासेगावकरांनी हात घालून ते ओढलं. रेडिओ कलला आणि सांगली केंद्रावरचं गाणं खरखरीत बुडालं. आता कामगारांचा कार्यक्रम लागंल, जरा बिगीनं वाचा, असं रंगूबाईंनी सांगितलं आणि त्या रेडिओला हातानं तोलून धरून उभ्या राहिल्या. त्या हाताखाली, दाराच्या उजेडात बसून, कासेगावकरांनी चौथा फर्मा संपतो तिथलं पान काढलं. "घर सोडून उडालेल्या माश्या परत पेटीत घेताना पाळणाऱ्याने" असं डाव्या पानावर होतं, आणि उजव्या पानावर, "कुठे रे गेला होतास माझ्या राजा, असे म्हणून त्याला पोटाशी धरले आणि ती ढसाढसा रडू लागली." उपयुक्त माहिती. आणि त्याखाली बाप होता. खोकला, मग उभा राहिला. "बाळ सोनबा," तो गंभीर स्वरात म्हणत होता, "आज्ञापालन हा बालकाचा अलंकार होय. ज्याप्रमाणे सरिता सागराकडे, ज्याप्रमाणे वेली वृक्षाकडे..." कांद्याच्या वाफ्यात आयुष्य घातलेला माणूस. पान उलटलं तरी तो बोलत होता. त्यात अल्पबचत होती, पंचवार्षिक योजना होती, दातांची निगासुद्धा होती. पुस्तक शाळांत लागावं म्हणून कुणीतरी सुचवलं असेल, की कुणीच सुचवलं नसेल. शेवटी सोनबा हात जोडून म्हणत होता, "बाबा, माझे डोळे उघडले." कासेगावकरांचे डोळे भरून आले, पण ते थेंबांमुळे असेल असं त्यांनी ठरवलं, थेंब टाकून दोन दिवस होऊन गेले होते तरी.

हे काही त्या मुलीला नेऊन देता येण्यासारखं नव्हतं. रंगूबाईंचा हात भरून आला होता. कासेगावकरांनी पुस्तक होतं तसं रेडिओखाली सरकवलं, आणि सांगली केंद्र स्वच्छ लागलं. केरबानं बोळाच्या तोंडापर्यंत येऊन निरोप दिला आणि नवं काही लिहिलं असेल तर बांधून देण्याची तयारी दाखवली.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली नाही. कऱ्हाडपर्यंत ते एका उसाच्या मोळीशेजारी उभे होते आणि त्यांच्या मनात बाप बोलत होता. कुठून आला हा माणूस? त्यांचे स्वतःचे वडील कोरेगावजवळ दुसऱ्याची जमीन करायचे आणि दिवसाकाठी ओंजळभरही बोलायचे नाहीत. आणि धोंडिराम स्वतः एकदा पळाला होता की. हे इतकं सरळ होतं की कधी आठवावंसंच वाटलं नव्हतं. दहा-अकरा वर्षांचा असेल. बैल पाण्यावर नेताना खेळत बसला, एक बैल कुणाच्या तरी शाळूत शिरला, आणि मार चुकवायला तो माहुलीकडं चालत सुटला. संगमावर एक दिवस, एक रात्र, कुणाच्या तरी प्रसादावर. माहुलीच्या दगडी पायऱ्यांचा ओलसर गारवा त्यांना एस.टी.च्या घामट गर्दीत पायाला जाणवला. मग भूक लागली म्हणून परत. पश्चात्ताप वगैरे पुढं लेखक झाल्यावर आला. दारात आला तेव्हा आईचे हात पिठाचे होते. तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि म्हणाली, पाय धू आधी, किती घाण केलीस. एवढंच. अगदी तेच. कासेगावकरांनी मोळी घट्ट धरली. आई तेच म्हणाली होती, आणि आपण तिला पोटाशी धरायला आणि ढसाढसा रडायला लावलं, कारण पुस्तकातल्या आईनं मुलाला पाय धू म्हणून सांगणं तेव्हा आपल्याला फार कमी वाटलं. वाचता न येणाऱ्या माणसानं चाराच्या मागं पाच लावला आणि आई जागेवर आली.

आणि वडील? ते पडवीत होते. तेही आता दिसू लागले, आधी पाठ, मग हात. दोर पुढ्यात घेऊन बसले होते. केकताडाच्या वाखाचा पिळा खुंटीला अडकवलेला आणि तीन पेड पुढ्यात पडलेले. दोर एकट्याला वळता येत नाही, दुसऱ्यानं समोरचं टोक धरून पीळ द्यावा लागतो. ते काम धोंडिरामचं असायचं. काल सकाळपासून दोर तसाच अर्धा पडून होता. शेजारी गडी होते, चुलता होता, पण वडिलांनी कुणाला हाक मारलेली नव्हती. पाय धुऊन तो कडेकडेनं पडवीत आला, थप्पड कुठून येते याचा अंदाज घेत. वडिलांनी मान वर केली नाही. टोक त्याच्याकडं फेकलं.

"धर हितं," म्हणाले.

आणि त्यानं धरलं, आणि अंधार पडेपर्यंत ते दोघं दोर वळत होते, दोघांच्या मधे तो दोर ताणलेला, आणि वडिलांचा पीळ आपल्या तळहातात येतो आहे हे कळत होतं. कासेगावकरांच्या तळहाताला आत्ता चरचरलं. त्यांनी पाहिलं तर उसाचं पाचट लागलं होतं. कसं कुठल्याच पुस्तकात आलं नाही हे? ना गोष्टीच्या, ना माहितीच्या. 'दोर: वळण्याची पद्धत' असं पुस्तकसुद्धा काढता आलं असतं, तेव्हा आपण शेणखतात गुंतलो होतो.

मिरजेला ते ठरलेल्या तारखेच्या आधीच गेले. अंजना औषधांच्या खिडकीपाशी होती. त्यांना पाहून बाजूला आली आणि टोपी सारखी करत उभी राहिली, निकाल ऐकायला आल्यासारखी. आपण काय सांगणार आहोत हे त्यांना अजूनही नीटसं ठरवता आलं नव्हतं. फर्म्याची हकीकत सांगायची म्हणजे सोनबाच्या आईच्या तोंडात माशीचं पुस्तक आहे असं सांगायचं, आणि ते तर आता त्यांनाच खरं वाटत नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, चष्मा काढून पुसला.

"बाप पडवीत दोर घेऊन बसला होता," ते म्हणाले. "सोनबा गेला त्या दिवसापासून अर्धा पडलेला. त्यानं दुसऱ्या कुणाला टोक धरू दिलं नव्हतं."

"मंग?"

"मग काही नाही. सोनबा आला तसं टोक त्याच्याकडं फेकलं आणि म्हणाला, धर हितं."

खिडकीतला कंपाउंडर दोनदा तिचं नाव पुकारून गेला. "पुस्तकात न्हाई हे," ती शेवटी म्हणाली.

"जागा पुरली नाही."

ते तिला पटलं. लिहिणाऱ्याची जागा पुरत नाही हे तिला स्वाभाविक वाटलं असावं. रजेचं बघते, एवढंच म्हणून ती आत गेली.

दिवाळी झाली. कासेगावकरांचे दिवस त्या काळात चमत्कारिक गेले. जेवताना मध्येच त्यांचा घास थांबायचा: आत्ता ती वडूजला उतरली असेल, आत्ता वस्तीकडं चालत असेल, आता दार. ते तिच्यामागून चालत होते, धोतराचा सोगा हातात धरून, आणि दाराशी पोचलं की त्यांना धसका बसायचा. कुणाचा तरी बाप, सुभेदार, मिशा असलेला, आपण सांगितल्याप्रमाणे वागेल याची हमी कुठल्या आधारावर दिली आपण? तिला उद्या दारातून परत फिरावं लागलं तर ते कुणाच्या खात्यावर? केरबाच्या नव्हे. सगळ्या आयुष्यात लिहिलेल्या एकाही ओळीची त्यांना इतकी भीती वाटली नव्हती, आणि ही तर लिहिलेलीसुद्धा नव्हती. विजयमालाबाई म्हणायच्या, जेवा. एकदा म्हणाल्या, तुम्ही तिला भाषण नाही दिलंत ना, मग झालं.

तपासणीची तारीख आली तेव्हा मिरजेला थंडी पडली होती. कासेगावकर बाकावर बसले आणि दर वेळी पांढरं काही हललं की मान वर करत राहिले. अंजना आली ती थेंबांची बाटली घेऊनच. चेहऱ्यावरून काही कळेना. सिस्टर लोकांचा चेहरा तसाही शिकवून तयार केलेला असतो. मान मागं करा, म्हणाली. थेंब पडले. डोळे मिटा, म्हणाली. त्यांनी मिटले, आणि अंधारात विचारलं, "गेली होतीस?"

"गेलते."

"काय झालं?"

आईनं काही सांगायच्या आधी तिनंच पाय धुतले, त्यामुळे आईला बोलायला काही राहिलं नाही, मग ती रडलीच. आबा मांडवाचे खांब पुरत होते. त्यांनी पाहिलं नाही. तिनं जाऊन खांब धरला. ते काही 'धर हितं' वगैरे म्हणाले नाहीत, पण सोड असंही म्हणाले नाहीत, आणि ती खांब धरून उभी राहिली, एकामागून एक. लग्न होईपर्यंत बोलले नाहीत. लग्न झाल्यावर, मांडव सोडता सोडता, कुणाकडंच न बघता म्हणाले, ते चोरलेलं पुस्तक अजून हाय का तुझ्याजवळ. बरोबर नेलेल्या ट्रंकेत होतंच. वाच म्हणाले. सगळी मंडळी बसली, तिनं सगळं वाचलं, शेवटपर्यंत. आई एका जागी हसली. आबांनी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं, आणि मग पुन्हा, डोळे मिटून ऐकत होते.

शेवटचं प्रकरण. मिटल्या डोळ्यांनी ऐकणारा एक बाप. पुढच्या बक्षीससमारंभात ते वाक्य पुन्हा म्हणायला हरकत नाही असं कासेगावकरांना वाटलं. अक्षराबद्दलचं, चिरंजीव वगैरे. "काय म्हणाले मग?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"म्हणाले, गुरुजी हायेत का अजून? हायेत म्हटलं, सांगलीत. तर म्हणाले, तेंला इचार, मधाची पेटी कुठं मिळती. पुस्तकात पत्ता हाय, पण तेवढ्या जागी उंदीर लागलाय. आमच्यात बोरी लय हायत, करडईबी असती, माशी बसंल म्हणाले." ती थांबली. बाटलीला बूच लावल्याचा आवाज आला. "आन् पेटी तूच घिऊन ये, म्हणाले. दुसऱ्याकडं धाडू नको."

कासेगावकरांच्या पापण्यांच्या कडेनं औषध गालावर उतरत होतं, ते त्यांनी उतरू दिलं.

"तर तेवढा पत्ता द्या, गुरुजी," ती म्हणाली. "आन् पेटी एस.टी.च्या टपावर टाकली तर चालती का, तेबी इचारलंय."